गुडघे वाकवून घाबरणाऱ्या मॅडम

शुक्रवारची सुट्टी मॅडमना सोसत नसे. सकाळीच आमच्या दाराची बेल वाजायची आणि मी दार उघडायच्या आत बाहेरून आवाज यायचा, "रुवैसला चाललेय. येतोस?"

अल रुवैस म्हणजे कतारच्या उत्तर टोकाचं लहानसं बंदर. आम्ही राहत होतो त्या उम्म सलाल मोहम्मदहून तिथवर सरळ, सपाट रस्ता, कुठे नावालासुद्धा चढ नाही. गाडी मॅडमच चालवायच्या. धक्क्यापाशी रस्ता संपला की खाली उतरायच्या, मासेमारीच्या होड्यांसमोरून भराभर दोन-चार फेऱ्या मारायच्या, समुद्र कुणीतरी मुद्दाम आडवा घातलाय अशा नजरेने त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "संपला बघ रस्ता. चल."

पहिल्यांदा मी विचारलं होतं, "मॅडम, एवढ्यासाठी आलो आपण?"

"मग घरी बसून काय करणार होतास?"

मी काही करणार नव्हतो, तरी मला घरी बसायला आवडलं असतं. पण ते त्यांना समजावणं कठीण होतं. त्यांचा नवरा फार पूर्वीच वेगळा झाला होता. त्या विषयावर माझ्या बायकोने, केतकीने, एकदा हळूच चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगला होता गं. पण बसणारा माणूस होता."

उत्तरेकडच्या एका गॅस प्लांटवर आमच्या कंपनीचं काम होतं आणि तिथल्या सुरक्षा विभागाच्या त्या प्रमुख होत्या. मी त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर. त्या लातूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मी नाशिकचा, तिशीतला. ऑफिसात इंग्रजी, साइटवर हिंदी, आणि गाडीत बसून दार लावलं की मराठी. रागावल्या किंवा घाईत असल्या की त्या मराठीला लातूरची धार यायची.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सही घ्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेलो तर मॅडम भिंतीला पाठ लावून, गुडघे काटकोनात वाकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारख्या फोनवर बोलत होत्या. मांड्या थरथरत होत्या, आवाज शांत होता. मला वाटलं, पाठीचं काही दुखणं असेल. बाहेर येऊन शेजारच्या फिलिपिनो सहकाऱ्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "स्की, सर. एव्हरी इयर, स्की."

म्हणजे बर्फावरून घसरायचं ते. पण मॅडम घसरत होत्या ती जागा रंगीत टोप्या घातलेली माणसं रांगेने उतरतात तसली नव्हती. कड्यांमधल्या अरुंद घळी, जिथे लिफ्ट पोचत नाही असे डोंगराचे उभे अंग, अशा ठिकाणी त्या जायच्या. त्याला लोक 'एक्स्ट्रीम' म्हणतात हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते म्हटल्यावर त्या वैतागल्या.

"एक्स्ट्रीम-बिक्स्ट्रीम काही नसतं. पडलं तर थांबता येतं, तो एक उतार. पडलं तर थांबता येत नाही, तो दुसरा. बास."

लातूरसारख्या गावात हे वेड शिरलं कुठून, याचं त्यांच्याकडे साधं उत्तर होतं. वडील पाटबंधारे खात्यात. गावात पाणी टँकरने. कॉलेजात असताना गिर्यारोहणाच्या शिबिरातून गुलमर्गला गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला. "एवढं पाणी, आन् ते नुसतं पडून होतं रे. कुणी भरून नेत नव्हतं." मग कुणीतरी पायाला दोन लाकडी फळ्या बांधल्या. पहिल्याच उतारावर त्या सरळ खाली जाऊन लष्कराच्या तंबूत घुसल्या म्हणे. तेव्हापासून दर हिवाळ्यात कुठला ना कुठला डोंगर. दोह्यातली नोकरी त्यांनी धरली तीही याच हिशोबाने. "इथून कुठलाही बर्फ लांब नाही," त्या म्हणायच्या. लेबनॉनचे डोंगर जवळ, जॉर्जिया जवळ, आल्प्सला रात्रीचं विमान, जपानला तर थेट विमान.

त्यांच्या हॉलमध्ये, लोक टीव्ही ठेवतात त्या भिंतीला, स्कीच्या जोड्या उभ्या असायच्या. देव स्वयंपाकघरात होते. नवे स्कीचे बूट आणले की पायाला सवय व्हावी म्हणून मॅडम ते घालून घरात वावरायच्या. आम्ही एकदा जेवायला गेलो तेव्हा त्या गुडघ्यापर्यंतच्या प्लास्टिकच्या बुटांत उभ्या राहून पिठलं घोटत होत्या. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाई एकदा वर येऊन नम्रपणे विचारून गेल्या होत्या की सुतारकाम किती दिवस चालणार आहे.

जेवताना गप्पा बर्फाच्याच. त्यांच्या आवडीच्या डोंगरांची यादी ठरलेली नव्हती, मूडवर बदलायची. होक्काइदोचा बर्फ म्हणजे वस्त्रगाळ पीठ, फुंकर मारली तरी उडतं. फ्रान्समधलं ला ग्राव्ह त्यांना सर्वांत आवडायचं, कारण तिथे वर नेऊन सोडतात आणि खाली यायचं कसं ते आपलं आपण बघायचं. "तिथं पाटी नाही, दोरी नाही. कुणी 'हळू जा' म्हणत नाही. गावातला बेकरीवालासुद्धा आधी आभाळ बघून मग पाव भाजतो." गुलमर्गचं नाव निघालं की मात्र तुलना थांबायची. तिथल्या अफरवटच्या उतारांबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "ते माहेर आहे."

आणि राहायचं होतं या सपाट देशात. चढता येईल अशी आसपासची सगळ्यात उंच जागा म्हणजे आमच्या भागातल्या एका मॉलची बहुमजली पार्किंग. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून मॅडम संध्याकाळी त्या पार्किंगच्या उतरणीवरून चढायच्या-उतरायच्या. तिथला वॉचमन नेपाळी होता. त्याने बरेच दिवस नुसतं बघितलं आणि शेवटी न राहवून म्हणाला, "दीदी, यहाँ तो पहाड़ ही नहीं है."

"इसीलिए तो," मॅडम म्हणाल्या आणि वरच्या मजल्याकडे निघाल्या.

थंडी पडली की आम्हाला दक्षिणेला मेसईदच्या पुढे वाळूच्या टेकड्यांवर घेऊन जायच्या. एक जुनी, कडा बोथट झालेली जोडी त्यांनी वाळूसाठी ठेवली होती. लोक तिथे गाड्या उडवायला येतात. त्यांच्यामधून पन्नाशीची बाई खांद्यावर स्की टाकून टेकडी चढतेय, हे बघून गाड्या थांबायच्या. वाळूत वेग मिळत नाही. मॅडम करकर आवाज करत खाली यायच्या आणि चिडून म्हणायच्या, "हे म्हणजे कोरड्या भाकरीवर थिजलेलं तूप फिरवल्यासारखं." मग आमची पाळी. शिक्षिका म्हणून त्या वाईट होत्या. समजावून सांगायला लागणारा धीरच नव्हता.

केतकी टेकडीच्या माथ्यावर उभी. खाली बघून म्हणाली, "मॅडम, मला भीती वाटतेय."

"मग घाबर की. कुणी नको म्हटलंय? पण गुडघे वाकवून घाबर. तू ताठ उभी राहून घाबरायलीस."

केतकीने गुडघे वाकवले आणि खरंच खालपर्यंत आली. पुढे आमच्या घरात ते वाक्यच झालं. मुलाखत असो, डॉक्टर असो, सासू-सासरे यायचे असोत: गुडघे वाकवून घाबर.

या सगळ्यावरून वाटेल की कामातही मॅडम बेधडक असतील. उलट होतं. प्लांटवर लोक त्यांना 'खलास मॅडम' म्हणायचे. चालू काम थांबवायचं असलं की त्या हात वर करून एवढंच म्हणायच्या, "खलास." वाद नाही, आवाज चढवणं नाही. माणूस उंचावर पट्टा न अडकवता दिसला, खलास. उन्हाचा पारा चढला, खलास.

एकदा प्लांटचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद होता. अशा वेळी एकेका तासाला किंमत असते. एक भलंमोठं उपकरण क्रेनने उचलून, चालू असलेल्या गॅसच्या पाइपांवरून पलीकडे ठेवायचं होतं. तयारी झाली, माणसं जागेवर. वाऱ्याचं मोजमाप मर्यादेच्या आत होतं; मीच वाचून सांगितलं. मॅडम क्रेनच्या टोकाकडे बघत होत्या, मग क्षितिजाकडे. मग हात वर गेला.

"खलास. वारा येणार आहे."

सगळे थांबले. दुपार गेली, संध्याकाळ झाली. वारा आला नाही. एक झुळूकसुद्धा नाही. काम दुसऱ्या दिवशी झालं आणि पुढचं सगळं वेळापत्रक सरकलं. बैठकीत प्रोजेक्ट मॅनेजर, हैदराबादचे गृहस्थ, सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, आपका तूफ़ान कहाँ है?"

"नहीं आया."

"तो?"

"तो अच्छा हुआ."

कुणीतरी हसलं.  परतताना गाडी मॅडमच चालवत होत्या. बोटांनी स्टिअरिंगवर ठेका चालला होता. अल खोरच्या पुढे आल्यावर एकदम म्हणाल्या, "जे झालंच नाही त्याचा पुरावा कुठून आणू रे? पाइप फुटला असता तर मी शहाणी. नाही फुटला, तर भित्री. बावीस माणसं होती तिथं. संध्याकाळी सगळी जेवायला गेली. ते कुणाला दिसत नाही."

मी म्हटलं, "पण तुम्हाला तर खात्री होती ना?"

"कुठली खात्री? खात्री असती तर इतकी अस्वस्थ झाले असते का?"

त्या मार्चमध्ये ईदच्या सुट्टीला त्यांनी आम्हा दोघांना जॉर्जियात गुदौरीला नेलं. आम्ही नवशिक्यांच्या उतारावर पडत होतो. मॅडम आणि त्यांचा तिथला गाइड झुरा वर जात होते. झुरा हसऱ्या चेहऱ्याचा, दाढीवाला, मॅडमपेक्षा बराच लहान. त्याच्याशी बोलताना मॅडमचं इंग्रजीही त्याच्यासारखंच तोडकंमोडकं व्हायचं, पण एकमेकांना बरोबर समजायचं. शेवटच्या लिफ्टच्या मागे कड्यात एक अरुंद, उभी घळ होती. हॉटेलच्या गच्चीवरून दिसायची. त्या घळीतून उतरायचं मॅडमच्या मनात कित्येक हिवाळ्यांपासून होतं. दर वर्षी त्या तिच्या तोंडापर्यंत जात, फावड्याने बर्फात खड्डा खणत, बर्फाचे थर बघत, एखादा थर निसटतो का ते पाहायला तळहाताने ठोके मारत, आणि परत फिरत.

त्या वर्षीही फिरल्या. पाय ठेवल्यावर बर्फ आतून 'धप्प' असा बसल्याचा आवाज आला म्हणे, म्हणजे आतला थर कच्चा, कधीही सुटणारा. आम्ही गच्चीवर चहा घेत होतो, तेव्हा दोघं परत आली. मॅडमनी बूट काढले नव्हते. त्याच सुमारास दोन परदेशी तरुण घळीच्या तोंडाशी दिसले. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते एकामागून एक खाली उतरले. व्यवस्थित. खाली पोचून त्यांनी हात उंचावून आरोळ्या ठोकल्या, त्या आम्हाला ऐकू आल्या.

केतकीचा स्वभाव सरळ. ती म्हणाली, "म्हणजे जाता आलं असतं?"

"हो," मॅडम म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "किंवा त्यांचं नशीब होतं."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. हॉटेलच्या गल्लीत येरझाऱ्या घालत राहिल्या. मी सोबत गेलो, तर माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या. "परत फिरणाऱ्याला निकालच मिळत नाही बघ. परीक्षा देऊन घरी यायचं आणि निकालाची वाट बघत मरायचं."

पुढच्या हिवाळ्यात त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कंपनीने फेररचना वगैरे शब्द वापरले. कुणी क्रेनचं नाव काढलं नाही, पण सगळ्यांच्या मनात ती होतीच. निरोपाला केक कापला. प्रोजेक्ट मॅनेजर खरंच मनापासून चांगलं बोलले. मॅडमनी केकचा तुकडा हातात धरून ठेवला आणि संधी मिळताच तो माझ्या हातात देऊन बाहेर पडल्या.

देश सोडायच्या आधी त्या पुन्हा गुदौरीला निघाल्या. या वेळी मला एकट्यालाच विचारलं.

"खाली कुणीतरी उभं राहायला पाहिजे. येतोस?"

त्या गेल्यावर केतकी मला म्हणाली, "तू जा. आणि त्यांना थांबव. त्या रागात आहेत."

मलाही तेच वाटत होतं. इतकी वर्षं लोकांना थांबवून झालं, त्याचं हे फळ. आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायला त्या घळीत शिरतील, अशी धास्ती घेऊनच मी विमानात बसलो. गुदौरीला पहिल्या संध्याकाळी झुराने मला बाजूला घेतलं. "दिस टाइम शी इज डिफरंट," तो म्हणाला. मी धीर करून मॅडमना विचारलंही, "मॅडम, नाही केलं तर काय बिघडतं?"

त्या स्कीच्या तळाला मेण घासत होत्या. हात थांबला नाही. "काही बिघडत नाही. केलं तरी काही सुधरत नाही. उद्या बघू, बर्फ काय म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी मी घळीच्या पायथ्याशी, बाजूच्या खडकांजवळ, वॉकीटॉकी घेऊन उभा होतो. आभाळ स्वच्छ. वर दोन ठिपके. ते बराच वेळ हलत नव्हते. खणत असणार. मला मनातून वाटत होतं की परत फिरावं त्यांनी, यंदाही. मग आवाज आला.

"ऐकायलास का?"

"हो मॅडम."

"खणून बघितलं. ठोके मारले. काही हलत नाही."

"मग?"

"मग काय. येते."

मी त्यांना खरं स्की करताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. घळ इतकी अरुंद की वळायलाच जागा नव्हती. त्या उडी मारून हवेतच दिशा बदलायच्या, टेकायच्या, क्षणभर थांबायच्या, पुन्हा उडी. घाई कुठेच नाही. ऑफिसात, गाडीत, जेवणाच्या टेबलावर ज्या बाईला एक मिनिट धीर धरवत नव्हता, ती प्रत्येक वळणापाशी हवा तेवढा वेळ घेत होती. शेवटच्या रुंद भागात त्या मोठी वळणं घेत खाली आल्या आणि माझ्याजवळ थांबल्या. चेहरा लाल, श्वास लागलेला.  काळा चष्मा वर केला तेव्हा डोळे भरलेले दिसले. मलाही भरून आलं. हात धरून अभिनंदन करावं म्हणून मी पुढे झालो.

तेवढ्यात वर झुराने उतरायला सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या वळणाला त्याच्या डाव्या अंगाचा बर्फ, पार वरच्या तोंडापासून, दुधावरची साय सरकावी तसा अख्खा सरकला.

"बाजूला!" मॅडमनी मला जाकिटाला धरून खडकामागे ओढलं. बर्फ घळीतून खाली आला, आवाज करत, धूर उडवत, आणि आम्ही उभे होतो त्या जागेच्या थोडा अलीकडे येऊन बसला. धूर विरायच्या आत मॅडम स्की काढून वर धावत सुटल्या होत्या. बर्फात मांडीपर्यंत रुतत, ओरडत, तेही मराठीत: "झुरा! कुठंयस? लागलं का रे? आवाज दे!"

झुरा घळीच्या कडेच्या खडकाला चिकटून उभा होता. बर्फ सुटायला लागल्याबरोबर तो आडवा निसटला होता. ओठ फुटला होता, एक काठी गेली होती, एवढंच. खाली आल्यावर तो हसत होता, अशा वेळी पुरुष हसतात तसा. मॅडम हसल्या नाहीत. त्याचे हात, खांदे, मान दाबून बघितली. मग घळीकडे वळल्या. त्यांच्या स्कीच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. त्या बर्फावरून त्या मिनिटभरापूर्वी खाली आल्या होत्या.

"चुकले," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, सगळे ठीक आहेत ना. झालं."

"ठीक आहेत म्हणून बरोबर होते असं नाही. चुकले मी." आवाजात रडणं नव्हतं, रागही नव्हता. "इतक्या वेळा परत फिरले, एकदाही कळलं नाही बरोबर की चूक. आज कळलं."

मला वाटलं, आता त्या दुसऱ्याच दिवशी परत निघतील. पण सकाळी त्यांनी आम्हा दोघांना पुन्हा वर चलायला सांगितलं. झुरा म्हणाला, सुटायचं तेवढं सुटून गेलंय, आता ती जागा सुरक्षित आहे. मला बर्फात चालायची जाळीची पादत्राणं बांधून दिली. धापा टाकत मी घळीच्या तोंडापर्यंत पोचलो. तिथे आदल्या दिवशीचा खड्डा तसाच होता, उजव्या अंगाला. आणि हातभर पलीकडे, डावीकडे, बर्फ तुटल्याची सरळ, उभी कड. भिंतीसारखी.

मॅडम त्या भिंतीपाशी पालथ्या झोपल्या. नाक जवळजवळ बर्फाला टेकलेलं. मग मला बोलावलं. भिंतीत तळाशी बोटभर जाडीचा एक करडा पट्टा होता. त्यांनी हातमोजा काढला, बोटाने त्यातले कण उकरले आणि तळहातावर घेऊन दाखवले. जाड, कोरडे कण. मूठ वळली तरी गोळा होईना. उघडल्यावर घरंगळून गेले.

"एकमेकांना धरत नाहीत बघ," त्या म्हणाल्या. "मी खणलं तिथं हा थर नव्हता. इथं आहे."

आता दर हिवाळ्यात त्या गुलमर्गला असतात, शिकाऊ गाइडांना बर्फ वाचायला शिकवतात, आणि उरलेलं वर्ष लातूरला आईजवळ. घळींतून अजून उतरतात की नाही, मी विचारलेलं नाही. त्या दिवशी मात्र त्या कितीतरी वेळ तशाच पालथ्या पडून होत्या. थर बघत, कण उकरत. माझे पाय गारठून बधिर झाले. झुराने दोनदा घड्याळ बघितलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, फिनिश? कॉफी?"

"तुम्ही दोघं व्हा पुढं," मॅडम म्हणाल्या. उठल्या, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला, फावडं घेतलं आणि आणखी हातभर पलीकडे दुसरा खड्डा खणायला लागल्या.